इंग्रजाचं हसू

तहाच्या पंगतीत फ्रेंच कप्तानाने राजेसाहेबांना आणि इंग्रजांच्या वकिलाला आपल्या मुलखातली एक म्हण ऐकवली. थोरले दुभाषी दाजीपंत यांनी तिचं शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं, तर वकील नुसता बघतच राहिला. नव्या दुभाषी गोदूबाईंनी तीच म्हण इंग्रजांच्या धाटणीत सांगितली आणि वकील खो खो हसला. कप्तान खूश, राजेसाहेबही खूश. दाजीपंतांचा मात्र जळफळाट झाला.

"सरकार, म्हणीत बोका होता, या बाईने तो गाळला! हिला आजच घरी बसवा."

"बसवा, सरकार," गोदूबाई म्हणाल्या. "फक्त आधी पंतांनी वकीलसाहेबांना सांगावं, की तुम्ही चुकून हसलात, तेवढं हसू परत घ्या."

दाजीपंतांनी तोंड उघडलं आणि मुकाट्याने त्यात लाडू कोंबला.