नाकाड्या देव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका; शाळेत तो धडा झाला त्या दिवशी मी चिंचेच्या झाडावर होतो.

खाडीच्या काठी एक गाव होतं. त्याच्याही आधी केव्हातरी तिथे दूरच्या रोम देशाची गलबतं लागायची. मिरी घेऊन जायची, नाणी देऊन जायची. पुढे गलबतं यायची थांबली, बंदर गाळाखाली गेलं, नाणी मात्र चिखलात राहिली. ओहोटी लागली की एखादं वर यायचं, काळंहिरवं, खपलीसारखं.

त्या गावात एक माणूस होता. त्याला सगळे नाणेखुळा म्हणत. लोक चिखलात खेकडे शोधत, हा राजे शोधी. सापडलेलं नाणं तेलात बुडवून ठेवायचं, आठवडेच्या आठवडे वाट बघायची, मग बाभळीच्या काट्यानं कणकण मळ काढायचा. नाण्यावरची अक्षरं परमुलुखाची, ती काही ह्याला वाचता येत नसत. म्हणून चेहरे बघून ह्यानंच राजांना नावं ठेवली होती: दाढीवाला, गालफुग्या, मानमोड्या. एका राजाचं मात्र अर्धंच नाणं त्याच्याकडे होतं. नुसतं टक्कल आणि मान. त्याचं तोंड बघायला तो जन्मभर तडफडत होता.

"अहो, भाजीला फोडणी नाही आणि तुमच्या राजांना अभ्यंगस्नान!" बायको म्हणायची. हा हसायचा आणि आणखी तेल ओतायचा.

एके दिवशी शेजारची म्हातारी भिंत चाचपत आली. हातात तिच्या देव्हाऱ्यातला टाक होता. टाक म्हणजे चांदीवर उठवलेला कुळाचा देव. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीकुंकवानं आणि तुपानं त्याचं पार ढेकूळ झालं होतं.

"बाबा रे, माझी नजर चालली," ती म्हणाली. "वैद्य म्हणतो, आंब्याचा मोहर झडेपर्यंत टिकेल. तेवढ्यात एकदा माझ्या देवाचं तोंड बघू दे. सासूबाईंनी दिला तेव्हापासून मी नुसत्या कुंकवालाच हात जोडतेय."

"चिंच आणि राख लावा," बायकोनं आतून सांगितलं. "घटकेत लखलखेल."

"लखलखेल गं. पण देवाचं नाक चोथ्याबरोबर मोरीत जाईल!"

त्यानं टाक तेलात ठेवला. मग रिठ्याचं पाणी, मग काटा. म्हातारी रोज दारात उभी.

"दिसला का रे?"

"कान दिसला, मावशी."

"ऐकतोय ना?"

"ऐकत असेल की."

आंबे मोहरले. एका सकाळी कुंकवाचा शेवटचा थर निघाला आणि नाणेखुळ्याचा हात जागीच थांबला. समोर टक्कल होतं, जाड मान होती, आणि पुढे पोपटासारखं भलंथोरलं नाक! हा देव नव्हता. हा तोच, अर्ध्या नाण्यातला राजा. ज्याला जन्मभर चिखलात शोधलं, तो भिंतीपलीकडे कुंकवाखाली जपलेला होता.

आता काय करावं? देव म्हणावं, तर खोटं. राजा म्हणावं, तर म्हातारीचे डोळेही जायचे आणि देवही जायचा, एकाच मोहरात. टाक तेलात विरघळला म्हणून नाणं लपवावं, तर... तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत आहे, गप्प बसा.

त्यानं खरं सांगून टाकलं.

देव बघायला जमलेला गाव खो-खो हसला. "म्हातारीनं जन्मभर परक्या राजाला आंघोळ घातली रे!"

म्हातारीनं नाणं डोळ्यांना भिडवलं. पुष्कळ वेळ बघत राहिली.

"टक्कल आहे रे ह्याला."

"हो, मावशी."

"आणि केवढं हे नाक!"

"हो."

मग तीही हसली. म्हणाली, "पोरं तापानं फणफणली तेव्हा मी ह्याच्यापुढे बसले. धनी दर्यावरून परतले नाहीत, तेव्हा ह्याच्याचपुढे रडले. एकदा तरी म्हणाला का, बाई, मला तुझी बोली कळत नाही?" तिनं हात जोडले. "राजा, देवाचं ते कामच असतं. तुला कुणी सांगितलं होतं? तरी मुकाट ऐकत बसलास. तुझे फार उपकार झाले."

हसणारे एकेक करून घरी गेले.

"तुला हवाय ना रे हा?" तिनं नाणेखुळ्याला विचारलं. "तुझं तोंड सांगतंय. एवढं अजून दिसतं मला."

नाणेखुळ्यानं नाणं उचललं, पलीकडे जाऊन स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यात ठेवलं आणि घरी आला. बायकोला म्हणाला, "इतकी वर्षं तेल दिलंस. तुझे उपकार."

बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी तेलाची वाटी काठोकाठ भरलेली होती.

मोहर झडला, म्हातारीची नजर गेली. पण रोज सकाळी देवाला आंघोळ घालताना तिचा अंगठा त्या नाकाला अडायचा आणि ती खुदकन हसायची. "डोळे होते तेव्हा कुंकू दिसायचं," ती म्हणायची. "आता डोळे गेले, तर हा हाताला लागतो. नाणेखुळ्याचं भलं होवो!"

तर पोराथोरांनो, एवढं गाठीला बांधा: नाणं चेहऱ्यावरून ओळखावं, आपलं कोण हे मात्र उपकारांवरून.