मनी घर का सोडून गेली

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. तेव्हा मांजरे बोलत, पण उगाच बोलत नसत.

एका तळ्याकाठी एक कोळी राहत होता. जाळे पाण्यात बुडावे म्हणून तो त्याला शिशाचे मणी लावी. शिसे वितळवी घरच्या चुलीवर, कालवणाच्याच भांड्यात. आणि मणी दोरीवर आवळी दातांनी.

"देवाने तोंडातच सांडशी दिली आहे," तो म्हणे, "दुसरी कशाला?"

त्याची एवढीशी लेक दिवसभर गाणी म्हणायची. हळूहळू ती गप्प झाली. पोट धरून बसू लागली. पाठ असलेली गाणीही विसरू लागली.

"दृष्ट लागली," शेजारीण म्हणाली.

कोळ्याने लगेच शिशाचा ताईत ओतून तिच्या गळ्यात बांधला. लेक तो चोखत बसे. दुखणे वाढले. मग कोळ्याने त्याहून मोठा ताईत केला.

"अहो, आणखी मोठा केलात तर पोरगी बुडेल!" कोळीण म्हणाली.

त्याच दिवशी घरची मांजर मनी उठली आणि काठावरच्या नावेखाली राहायला गेली. कोळी समजूत काढायला गेला.

"मासे कमी पडले का गं, मने?"

"मासे पुष्कळ आहेत, धनी. पण तुमच्या घरात फिरून पंजे चाटले की पोटात कळ येते. इथे येत नाही. भुईवर सगळी शिशाची धूळ आहे. मी मांजर, मला पंजे चाटावेच लागतात. तुम्ही तर शिसेच चावता, आणि पोरीच्या गळ्यातही तेच बांधता!"

कोळी तसाच लेकीकडे धावला.

"आधी हात!" मनी मागून ओरडली.

त्याने हात घासून धुतले, ताईत तोडला आणि लेकीला वैद्यांकडे नेले. ते भांडे घरातून गेले. कोळिणीने भुई ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली. जाळ्याला कुंभाराकडचे भाजलेल्या मातीचे मणी लागले. तळ्याकाठच्या ज्या इतर कोळ्यांनी हे ऐकूनही शिसे सोडले नाही, ते निदान वस्तीपासून दूर वितळवू लागले, आणि अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी येऊ लागले.

लेकीचे दुखणे सावकाश ओसरले. एका संध्याकाळी ती गाऊ लागली. मधली ओळ आठवेना, तिथे तिने "आधी हात, आधी हात" घातले.

मनी उंबऱ्यातून आत आली. तिने पंजा चाटला. जरा वेळ पोटाचा अंदाज घेत बसली. मग चुलीजवळ अंग पसरून झोपली.

म्हणून सांगतो बाळांनो, कामातले विष हातांवरून घरी आणू नये. ते सगळ्यात आधी लेकराला गाठते.