अविआक आजीची काठी

“मग यंदाही नाहीच का, आजी?”

पावियाने विचारलं. अविआक आजी खिडकीतून बाहेर खाडीकडे बघत होती.

ग्रीनलंडच्या उत्तरेला, खाडीकाठच्या त्या वस्तीत, बर्फावरून वाट काढायची विद्या तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती. पाविया तिचा शेवटचा शिष्य. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

विद्या पुरी झाली की शिष्याने गोठलेली खाडी चालत ओलांडायची, अशी वस्तीची रीत. हातात गुरूची लोखंडी टोकाची काठी. शिष्य पुढे, गुरू मागे, त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवत. मागच्याने एक शब्दही बोलायचा नाही. पलीकडे पोचलं की काठी शिष्याची, आणि तो वाटाड्या.

पण ही रीत खाडी गोठायची तेव्हाची. आता समुद्र उशिरा गोठतो, अर्धामुर्धा गोठतो आणि वारा सुटला की फुटून जातो. वर्षभर नुसता फुटका बर्फ तरंगत असतो. त्यातून होडी जात नाही, त्यावरून माणूस जात नाही. पावियाचे कितीतरी हिवाळे असे वाट बघण्यात गेले. त्याचा सगळा जीव त्या काठीत अडकला होता.

“उपग्रहाच्या फोटोत खाडी पांढरीशुभ्र दिसतेय,” तो म्हणाला. “आणखी किती थांबायचं? तुमचेही गुडघे आता...”

पुढचं त्याने गिळलं.

“माझं शिकायचं काय राहिलंय, ते तरी सांगा!”

आजीने भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“चल.”

हिवाळा सरत आला होता, दुपारचं फिकं ऊन पडलं होतं. किनाऱ्याजवळचा बर्फ भक्कम होता. काठी आपटली की खणखणीत आवाज यायचा. पाविया खुशीत झपझप निघाला. मागे आजीची पावलं वाजत होती.

पुढे बर्फ राखाडी झाला. काठीचा आवाज बसका येऊ लागला. पायाखालचा बर्फ किंचित लवला... आणि पुन्हा वर आला.

समोर पलीकडचे डोंगर अगदी स्वच्छ दिसत होते.

“आजी, धरेल ना हा?”

मागची पावलं थांबली.

“निदान मान तरी हलवा!”

त्याने मागे वळून पाहिलं. आजी त्याच्या पावलाच्या ठशात उभी होती. बर्फाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती त्या डोंगरांकडे बघत होती.

पलीकडे तिचं माहेर होतं. धाकटी बहीण अजून तिथेच होती. खाडी नीट गोठेनाशी झाली, तेव्हापासून दोघींची भेट नव्हती. हे पावियाला लहानपणापासून माहीत होतं. पण काठीच्या ध्यासापुढे त्याला या गोष्टीची कधी आठवणच झाली नव्हती.

ही येणार, त्याच्या लक्षात आलं. मी जाईन तिथे येणार, बुडालो तरी मागोमाग येणार.

त्याने पुढे काठी मारली. टोक आरपार गेलं. ओढून काढलं, तर भोकातून काळं पाणी वर आलं.

पावियाला रडू फुटलं. स्वतःसाठी की आजीसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“परत फिरू या, आजी.”

ती क्षणभर हललीच नाही... मग बाजूला सरून तिने त्याला वाट दिली, आणि पुन्हा त्याच्या मागून चालू लागली.

किनाऱ्याला लागल्यावर त्याने काठी तिच्यापुढे धरली.

“घ्या.”

आजीने कोटाच्या बाह्यांत खुपसलेले हात बाहेर काढले नाहीत.

“घ्या ना, आजी. काठी पलीकडच्या किनाऱ्यावर द्यायची असते.”

आजीने खाडीकडे पाहिलं. तिचे डोळे ओले झाले होते. ते तिने पुसलेही नाहीत.

“पलीकडचा किनारा कुठला,” ती म्हणाली, “ते तिकडे माझ्या बहिणीला विचार. ती इकडेच बोट दाखवेल.”