शेवरीचे कोंब

त्या राज्यात सगळ्यांत जुने काही असेल तर ते कुंपण. आतल्या शेतात शेवटचे कधी पेरले हे कुणालाच आठवत नसे. लोक लांबून येत ते कुंपणच पाहायला. लाकडी खांब, त्यांना काथ्याने बांधलेले आडवे वासे आणि एक सागवानी फाटक, एवढीच तिथली प्रजा. फाटकाला पितळी कड्या होत्या, म्हणून त्याचा शब्द शेवटचा.

खांब पुरताना त्यांचे तोंड आत, शेताकडे ठेवत. शेत टेकडीच्या माथ्यावर होते, त्यामुळे समोरच्या कुंपणापलीकडे नुसते आभाळ दिसे. रोज सकाळी हजेरी होई. फाटक आधी म्हणे, "उभं आहे." मग त्याचा शेजारी, मग त्याचा शेजारी, असे करत शब्द शेताला वळसा घालून परत फाटकाशी पोचे. पोखरून मेलेल्या खांबासाठी शेजारचा बोलून टाकी. त्याला फाटकाची हरकत नसे.

हरकत होती ती पालवीला. कुंपणाच्या लाकडाला कोंब फुटणे म्हणजे फितुरी. असा खांब दिसला की राखणदार येई, त्याला गदागदा हलवून उपटी आणि बाहेर भिरकावून देई. लाकूड गडगडत गेल्याचा आवाज येई, मग काही नाही. मात्र दर उन्हाळ्यात पांढरे, हलके असे काहीतरी बाहेरून वाऱ्यावर वर येई. "गेलेल्यांची राख," फाटक सांगे.

उत्तरेच्या बाजूला खैर नावाचा एक खांब होता. अंगाने काळा, कडक, मनाने भित्रा. तो भित्रा झाला होता शेजारणीपायी. ती शेवरीच्या लाकडाची, म्हणून सगळे तिला शेवरीच म्हणत. दोघांना मिळून एकच वासा बांधलेला होता. पाऊस पडून ओल लागली की शेवरीच्या अंगावर हिरवा कोंब डोकावे आणि ती हसू लागे.

"अरे खैरा, बघ ना, गुदगुल्या होतायत मला."

"हळू बोल. फाटक ऐकेल."

मग वारा सुटला की खैर अंग हलवी, वाशाचे टोक शेवरीवर घासे आणि कोंब मोडून पडे. तिथे गुळगुळीत चट्टा राही. शेवरी डोळे मिटून सोसायची, आणि शेवटी एवढेच विचारायची, "झालं?"

"झालं."

"बाहेर काय असेल रे?"

"राख. दर वर्षी बघतेस ना?"

अशी सहा वर्षे गेली. सातव्या वर्षी कोंब जोमाने आला. शेवरी म्हणाली, "या खेपेला राहू दे की रे. दोनच दिवस. पान कसं असतं ते एकदा बघायचंय मला."

राखणदार पलीकडच्या कोपऱ्यावर येऊन पोचला होता. "तुला उपटलं तर मी कुणाशेजारी उभा राहू?" असे म्हणून खैराने सारा जोर लावला. शेवरीने त्या दिवशी "झालं?" म्हणून विचारले नाही.

पुढच्या पावसात कोंब आलाच नाही. तिचे लाकूड मऊ. वाळले तशी वाळवीने आतून त्याची माती केली. हजेरीला खैर आपले "उभा आहे" म्हणे आणि पाठोपाठ तिचे "उभी आहे". शब्द पुढे जाई. निदान ती आपल्याजवळ आहे, एवढेच तो मनाला समजावत राहिला.

एका उन्हाळी सकाळी शेवरी बुडाशी मोडली. ती पडली नाही. काथ्याने वाशाला लटकून राहिली. तिच्या ओझ्याने वासा खचला आणि त्याने खैराला खड्ड्यातल्या खड्ड्यात फिरवले. एका खांबाचे तोंड पहिल्यांदाच बाहेर झाले.

खाली उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी ओढा. ओढ्याच्या काठाने शेवरीची झाडे उभी होती. काही वाकडी, काही आधी आडवी पडून मग वर उठलेली. एकीच्या बुंध्यात काथ्याचा जुना फास अजून रुतलेला होता. फांद्यांत पोपट भांडत होते. उन्हाने बोंडे तडकत होती, आणि त्यांतला पांढरा कापूस सुटून कुंपणाच्या दिशेने वर निघाला होता.

तेवढ्यात हजेरी आली.

"उभा आहे," खैर सवयीने म्हणाला. मग तिची पाळी आली. त्याने बोलू पाहिले, पण आवाजच फुटेना. शेवरीच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारणीने, बाभळीने, जरा वाट पाहिली. मग तीच घाईघाईने "उभी आहे" म्हणाली, आणि शब्द पुढे गेला.

वाऱ्यावर आलेला कापसाचा एक पुंजका लटकलेल्या लाकडाला, सातव्या चट्ट्यावर येऊन चिकटला. त्याच्या पोटात एक काळे बी होते.