साळूशेजारची जागा

फार फार वर्षांपूर्वी, रानात कुऱ्हाड शिरली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका डोंगरातल्या गुहेत पिलांची शाळा भरायची. म्हातारा गवा तिथे गुरुजी होता. गुहेच्या तोंडाशी मोठी शिळा होती. संध्याकाळी आया येत, बाहेरूनच आपल्या घराची खूण सांगत, आणि गवा शिंगांनी शिळा सरकवून त्या घरचं पिलू बाहेर सोडी. खूण म्हणजे एक शब्दच, पण घरोघरी वेगळा.

"खूण कुणालाही सांगायची नाही," गवा दर सभेत गरजायचा. "सांगेल तो मूर्ख."

सगळ्या आया माना डोलवायच्या. कुणाला काही विचारायचं असलं तरी भर सभेत मूर्ख ठरायची हौस कुणाला असते?

एकदा काटेरी साळू फसली. तरसाने तिच्याकडून खूण काढून घेतली आणि तिचं पिलू नेलं. ते परत आलं नाही. गव्याने सभेत तिचं नाव घेऊन सांगितलं, "असा निष्काळजीपणा पुन्हा नको." तेव्हापासून पाणवठ्यावर साळूशेजारी कुणी बसेना. जिचं दुःख सगळ्यात मोठं, तिलाच सगळ्यांनी एकटं पाडलं. रानातही माणसांसारखंच चालतं म्हणायचं.

पुढे एका दुपारी सशिणीच्या बिळाबाहेर मऊ आवाज आला. "ताई, मी शाळेकडून आलोय. साळूचं तसं झालं ना, म्हणून सगळ्यांच्या खुणा बदलतोय. जुनी सांगा, नवी देतो. जरा घाई करा, नाहीतर तुमचं लेकरू आज आतच राहील."

लेकराच्या काळजीने सशिणीने खूण सांगून टाकली. नवी न देताच आवाज निघून गेला, आणि मग तिच्या मनात पाल चुकचुकली. गुरुजींना सांगावं म्हणून ती निघाली. वाटेत पाणवठ्यावर आया बसल्या होत्या.

"साळूसारखी बावळट नाही हो मी," एक म्हणत होती. बाकीच्या हसल्या.

सशिणीचे पाय तिथेच थबकले. आता कोणत्या तोंडाने सांगणार? ती सगळ्यांपासून लांब जाऊन बसली. तिथे साळू एकटीच होती.

साळूने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्याकडेही जुनी खूण मागितली का गं?"

सशीण रडू लागली. "तुला कसं कळलं?"

"माझ्याकडेही अशीच मागितली होती. शाळेचं नाव सांगून, घाई करून. सांगणार होते मी सगळ्यांना. पण मला कुणी विचारलंच नाही."

दिवस कलला होता. दोघी धावत सुटल्या. गुहेपाशी तरस खूण सांगून उभं होतं आणि शिळा सरकत होती. साळू काटे फुलवून पाठमोरी त्याच्यावर धावून गेली. नाकात काटे घेऊन तरस पळालं. सशिणीने लेकराला उराशी धरलं.

सगळं ऐकून गव्याची मान खाली गेली. "मी नुसता नियम सांगत राहिलो. फसवतात कसं, ते तुला विचारायला हवं होतं."

"तेव्हा विचारलं असतं गुरुजी, तर मला रडायला तरी सोबत झाली असती," साळू म्हणाली.

आता सभेत आधी साळू बोलते. जराही शंका आली की आया धावत येऊन सांगतात, आणि कुणी हसत नाही. पाणवठ्यावर साळूशेजारी कुणी ना कुणी बसतं. संध्याकाळी शिळा सरकते तेव्हा तीही गुहेपाशी येऊन उभी राहते, आणि सगळी पिलं गेली की एकटीच घरी जाते.

तात्पर्य: ठेच लागलेल्यालाच वाळीत टाकलं, तर मागचा शहाणा होणार कसा?