तीन पाण्यांची गोजराई

हिवरझरीच्या वडाला अजून एकही पारंबी फुटली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. गावाच्या कडेला गोजरा नावाची माळीण राहायची. दोन बिघ्यांचा मळा, एक विहीर, नवरा सटवाजी आणि सात वर्षांची लेक चिमी, एवढाच तिचा संसार. तिच्या मेथीचा वास आला की वाटसरू वाट चुकायचे, असं म्हणतात. थोडं वाढवून सांगत असतील, पण भाजी नामी होती एवढं खरं.

तेव्हा गावाची एक रीत होती. काढलेली भाजी बाजाराच्या वाटेवरच्या ओढ्यात बुडवायची. ती टवटवीत दिसायची आणि ओढा देवीच्या पायरीला लागून वाहायचा, म्हणून पवित्रही मानली जायची. वरच्या अंगाला गुरं डुंबायची, माणसं परसाकडे जायची. पण देवीच्या पाण्याला नावं कोण ठेवणार?

एकदा चिमीनं ओढ्यात बुडवलेला मुळा हातात घेतला.

"आयं, खाऊ का?"

गोजरा जुड्या बांधत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "खा की."

दुसऱ्या दिवशी चिमीला उलट्या-जुलाब लागले आणि दिवस मावळायच्या आत लेक गेली. त्या आठवड्यात ओढ्यात भाजी बुडवणारी आणखी चार घरं रडली. गोजरा मात्र रडली नाही. ती विहिरीवर जाऊन राखेनं हात घासत बसली.

त्या दिवसापासून तिच्या मळ्याचा कायदाच बदलला. राखेनं हात धुतल्याशिवाय कुणी पानाला शिवायचं नाही. वर्षभर मुरल्याशिवाय शेणखत वाफ्यात टाकायचं नाही. आणि विहिरीच्या तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय जुडी मळ्याबाहेर न्यायची नाही. बाया हसायच्या, "गोजरा मेथीला न्हाऊ घालती, आता तीट लावायची ऱ्हायलीया." गोजरा ऐकून घ्यायची आणि पुन्हा पोहरा सोडायची.

पुढे एका चैत्रात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. खालची गावं ओस पडू लागली. घाबरलेल्या हिवरझरीनं देवीला भंडारा बोलला, आणि भाजी अर्थातच गोजराच्या मळ्यातली ठरली. भंडाऱ्याच्या सकाळी ती मळ्यात आली, तर दोनशे जुड्या धुऊन तयार होत्या. एका जुडीत बोटभर शेवाळ अडकलं होतं. तिच्या विहिरीत शेवाळ नव्हतं.

"जुड्या कुठं धुतल्या, धनी?"

सटवाजी खाली बघत म्हणाला, "हिरीनं तळ गाठलाय. तुजं हात सोलून निघाल्यात. म्हून वढ्यात बुडवून आनल्या म्या."

नवऱ्याची माया तिला कळली. तरी तिनं खड्डा खणला आणि सगळ्या जुड्या पुरून टाकल्या. हे कळताच पाटील धावत आले.

"देवीचा घास मातीत घालतीस व्हय? समदं गाव पंगतीला बसायचंय."

"देवीला हात जोडते, पाटील," गोजरा म्हणाली. "पर येकदा म्या न बघता खा म्हनलं. आता पुन्यांदा तसं म्हननार न्हाई."

मग तिनं उरलेल्या वाफ्यांतली भाजी काढली आणि विहिरीशी उभी राहिली. तळाला वीतभर पाणी होतं. पहिला पोहरा गढूळ आला, दुसरा निवळ आला. तिसरा वर आला तेव्हा विहिरीच्या पायऱ्यांवर लहान पावलांचे ओले ठसे उमटू लागले, असं म्हणतात. एकेक ठसा वरच्या पायरीवर उमटे आणि त्याच्या मागोमाग पाणी एकेक पायरी चढे. पाटलांनी ते पाहिलं आणि डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. गोजरा पान न् पान धूत राहिली, आणि आता मात्र तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

त्या दिवशी गाव जेवलं आणि प्यालं ते त्याच विहिरीच्या पाण्यावर. साथ शिवेपर्यंत आली आणि परत फिरली. हिवरझरीतलं एकही माणूस दगावलं नाही.

आजही चैत्रातल्या भंडाऱ्याला पाटलांच्या घरातला माणूस विहिरीवर उभा राहून येणाऱ्याच्या हातावर पाणी घालतो. पहिला मुळा तीन पाण्यांनी धुतात. मग गावातली सगळ्यात लहान मुलगी तो उचलून विचारते, "गोजराई, खाऊ का?"

कुणी घाईनं उत्तर देत नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई तो मुळा हातात घेते, उजेडात धरून सगळीकडून नीट बघते, आणि मगच म्हणते, "खा, चिमे."