नागूशेटचा राखून ठेवलेला नियम

एका बाजाराच्या गावात नागूशेट नावाचा मसाल्याचा व्यापारी राहत होता. उमेदीची वर्षं त्याने बंदरं फिरण्यात घालवली. म्हातारपणी तो गावी परतला. बायको वारली होती, मुली सासरी नांदत होत्या. घर मोठं आणि बोलायला भिंती. पण येताना त्याने एका बंदरावरून एक खेळ आणला होता. असा खेळ पंचक्रोशीत कुणाकडेच नव्हता.

खेळात दोन फासे होते आणि भाजक्या मातीच्या पुष्कळ चकत्या. कुठल्या चकतीवर रस्ता, कुठल्या चकतीवर ओढा, कुठल्या चकतीवर शेत. फासे टाकायचे, जे दान पडेल त्या आकड्याच्या ढिगातली चकती उचलायची आणि मांडलेल्या चकत्यांना जोडून ठेवायची. रस्त्याला रस्ता भिडला पाहिजे, ओढ्याला ओढा. आपल्या वेशीपासून मधल्या बाजारपेठेपर्यंत ज्याचा रस्ता आधी पोहोचेल, तो जिंकला. दान नशिबाचं, मांडणी अकलेची.

नागूशेटने बाजाराच्या दिवशी ओसरीवर घोंगडी अंथरली आणि लोकांना खेळायला बोलावलं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांची परात मधोमध ठेवली. लोक हौसेने आले. नागूशेट शिकवायचाही गोड बोलून. "सोपं आहे हो, खेळता खेळता कळेल," म्हणायचा.

आणि कळायचं ते असं. पाहुण्याचा रस्ता बाजारपेठेच्या तोंडाशी आला, की नागूशेट कपाळावर हात मारायचा. "अरे, सांगायचं राहिलं. ओढा ओलांडायचा तर आधी पूल लागतो." पाहुणा पूल शोधत बसायचा, तोवर नागूशेट जिंकायचा. पुढच्या वेळी पाहुणा पूल बांधून तयार असायचा. "अरे, सांगायचं राहिलं. शेतातून रस्ता नेला की एक डाव थांबावं लागतं." माणसाला हरायचं दुःख नसतं. पण आपल्याला हरायलाच बोलावलं होतं, हे कळलं की मात्र झोंबतं.

हळूहळू लोक खेळायचे बंद झाले. काही दिवस नुसतेच येऊन शेंगा खायचे आणि 'बाजार उरकायचाय' म्हणून उठायचे. मग तेही येईनात. उरला एकटा राघू गुरव, देवळात पूजाअर्चा करणारा आणि नागूशेटचा लहानपणापासूनचा शेजारी.

एका बाजाराच्या दिवशी राघू घोंगडीवर बसला आणि म्हणाला, "शेट, आजचा डाव खेळतो. पुढं येणार नाही."

"का रे, शेंगा खारट झाल्यात?"

"शेंगा झकास आहेत. तुमचे नियम मात्र पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवतात. काल जिथं काही नव्हतं तिथं आज एक उभा."

नागूशेट हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. राघू गेला की ओसरीवर आपण, घोंगडी आणि शेंगांची परात एवढंच उरणार, हे त्याला दिसत होतं. तरी जिंकायची सवय काही सुटत नाही. तो नेहमीसारखाच नेटाने खेळला.

डाव रंगला. नागूशेटचा रस्ता बाजारपेठेपासून एका चकतीवर आला. राघूचाही जवळच होता. पण त्याने आधी एक वळणाची चकती चुकीच्या जागी मांडली होती आणि तिथे त्याची वाट बंद झाली होती. राघूने फासे टाकले. दोन्ही फाशांवर सारखंच दान पडलं.

आता या खेळात एक नियम होता. सारखं दान पडलं, की मांडलेली आपली एक चकती उचलून दुसऱ्या जागी ठेवता येते. हा नियम नागूशेटने आजवर कुणालाच सांगितला नव्हता. इतकंच काय, स्वतःला सारखं दान पडलं तरी तो गप्प बसायचा. एकदा वापरला की सगळ्यांना कळेल, म्हणून अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला. त्या राखणदारीत त्याचा स्वतःचाही फायदा बुडत होता, पण हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

राघूने हातातली चकती कुठेतरी मांडली आणि फासे पुढे सरकवले. "टाका शेट. संपवा एकदाचं." पायात वहाणा घालायला तो वळलासुद्धा.

नागूशेटने फासे उचलले. त्याला जिंकायला एकच दान पुरे होतं. तो राघूच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने फासे खाली ठेवले.

"राघू, सांगायचं राहिलं."

राघूने मागे न बघताच विचारलं, "आता माझं काय गेलं?"

"गेलं नाही. तुला सारखं दान पडलंय. तुझी एक चकती उचलून दुसरीकडे मांडता येते."

राघू परत येऊन बसला. त्याने नागूशेटच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "हा आजच उगवला का?"

"जुनाच आहे. मी दाबून ठेवला होता."

राघूने ती वळणाची चकती उचलली, जिथे हवी तिथे मांडली, आणि त्याचा रस्ता बाजारपेठेला जाऊन भिडला. नागूशेट हरला. त्याला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगा?

राघूने शेंग फोडत विचारलं, "आणखी काय काय दाबून ठेवलंय?"

नागूशेटने एकेक नियम सांगितला. त्यातले काही तर त्याने ऐनवेळी मनानेच रचलेले निघाले. शेतातून रस्ता नेला की थांबायचं, हा त्यातलाच. राघूने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि चकत्या गोळा केल्या. "मांडा पुन्हा," तो म्हणाला.

पुढच्या बाजाराला राघू चौघांना घेऊन आला. नागूशेटने डाव मांडण्याआधी सगळे नियम सांगितले आणि प्रत्येकाकडून वदवूनही घेतले. त्या दिवशी तो दोनदा हरला. लोक येत राहिले, ओसरी पुरेना, तेव्हा अंगणातही घोंगडी अंथरावी लागली.

एकदा नागूशेट तापाने पडला होता. शेंगा उकडायला कुणी नव्हतं. तरी लोक आले, त्याची बाज ओसरीवर आणली आणि नुसतं पाणी पिऊन संध्याकाळपर्यंत खेळत बसले.

तात्पर्य: पाहुण्याला बसायला जागा दिली पण जिंकायची वाट दिली नाही, तर तो पाहुणचार नव्हे. हातचं राखून शिकवणाऱ्याला शेवटी एकट्यालाच खेळावं लागतं.